उपवासकाळ आणि व्यक्ती : ख्रिस्ती चाळीस दिवसांच्या व्रताच्या आध्यात्मिक मूल्याचा विचार

ईस्टरपूर्वी येणारा चाळीस दिवसांचा उपवासकाळ रोमन कॅथलिक पंथीयांनी कसा पाळावा, ह्याविषयी १९१७ च्या धर्मविधिसंहितेत निःसंदिग्ध नियम होते. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि साठावे वर्ष न लागलेल्या प्रत्येक निरोगी व्यक्तीने, रविवार वगळून, ह्या काळातील प्रत्येक दिवशी एकच पूर्ण भोजन घ्यावे. राखेच्या बुधवारी आणि प्रत्येक शुक्रवारी व शनिवारी मांसही वर्ज्य करावे, असा तो दंडक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून निरनिराळ्या देशांत सवलती मिळत गेल्या. परंतु मूळ नियम कायम होता. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी ‘पेनितेमिनी’ हे आज्ञापत्र काढले आणि त्याच वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून, म्हणजे अवघ्या सहा दिवसांनी, बंधनकारक उपवास दोनच उरले : एक त्या बुधवारचा आणि दुसरा उत्तम शुक्रवारचा. १९८३ च्या नव्या संहितेनेही हेच प्रमाण स्वीकारले.

चाळिसांपैकी अडतीस दिवसांचे कायदेशीर ओझे असे एका आठवड्यात उतरले. ते उतरवताना प्रायश्चित्ताचे कर्तव्य मात्र ईश्वरी आज्ञेनेच प्राप्त झालेले असून ते कोणासही टळत नाही, असे आज्ञापत्राने बजावले होते. ते कसे पार पाडावे ह्याचा पुष्कळसा निर्णय स्थानिक बिशपांच्या परिषदांवर आणि अंतिमतः व्यक्तीच्या सदसद्विवेकावर सोपवला होता. परिणामी एक जुनाच प्रश्न नव्याने आणि अधिक तीव्रतेने पुढे आला. नियमाच्या धाकाने जे केले जात होते, ते नियम सैल झाल्यावर अधिक शुद्ध होते की नाहीसे होते? उपवासकाळाचे व्यक्तीच्या दृष्टीने काही आध्यात्मिक मूल्य असेल, तर ते नियमात आहे, की व्यक्तीच्या निवडीत, की ह्या दोहोंच्या संबंधात? प्रारंभीच्या पाचसहा शतकांतील साधने पाहिली असता तिसरा पर्याय सर्वाधिक ग्राह्य वाटतो. तो का, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

प्रथम नावाचा विचार. लॅटिनमध्ये ह्या काळास ‘क्वाद्राजेसिमा’ म्हणतात. त्यात केवळ संख्या आहे. पोर्तुगिजांमार्फत तोच शब्द गोव्यात आला आणि कोंकणीत ‘कोरेज्म’ झाला. इंग्रजीतील ‘लेंट’ हा शब्द दिवस मोठे होऊ लागण्याशी, म्हणजे वसंत ऋतूशी, निगडित आहे. त्यात ना संख्या, ना आचार. मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेले ‘उपवासकाळ’ आणि ‘प्रायश्चित्तकाळ’ हे दोन शब्द मात्र सरळ आचारालाच नाव देतात. त्यांतील पहिल्याचा ‘जवळ राहणे’ हा व्युत्पत्त्यर्थ मराठी वाचकास परिचित आहे. दिवसांचा हिशेब असा : राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस होतात, त्यांतील सहा रविवार हे पुनरुत्थानाचे स्मृतिदिन म्हणून उपवासातून वगळले की चाळीस उरतात. पश्चिमेत पूर्वी पहिल्या रविवारपासून आरंभ होत असल्याने प्रत्यक्ष उपवास छत्तीसच भरत; सातव्या शतकाच्या सुमारास आधीचे चार दिवस जोडून संख्या पुरी करण्यात आली. येशूने अरण्यात केलेला चाळीस दिवसांचा उपवास हा तिचा आदर्श होय.

आता एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. ह्या काळाचा आरंभ व्यक्तीने स्वतःसाठी करावयाच्या साधनेत नाही. ईस्टरच्या रात्री ज्यांचा स्नानसंस्कार व्हावयाचा, अशा दीक्षार्थींच्या तयारीचा तो काळ होता. ‘दिदाखे’ ह्या अतिप्राचीन ग्रंथात संस्कार घेणाऱ्याने तर उपवास करावाच, पण संस्कार देणाऱ्याने आणि इतरांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनीही करावा, असे सांगितले आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिन ह्या हुतात्म्यानेही दीक्षार्थींसमवेत मंडळी उपवास करते, असे नोंदवले आहे. म्हणजे जुन्या सभासदाचा उपवास हा मुळात नव्याच्या सोबतीचा उपवास होता. दीक्षार्थींची संख्या रोडावली, अर्भकांचा संस्कार हाच प्रघात झाला, तेव्हा सोबत करणारेच तेवढे उरले आणि उपवास त्यांच्या वैयक्तिक पापक्षालनाचे साधन बनला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविषयक संविधानात ह्या काळाचे स्नानसंस्काराशी असलेले नाते पुन्हा ठळक केले, आणि प्रायश्चित्त हे केवळ आंतरिक व वैयक्तिक न राहता बाह्य व सामाजिकही असावे असे म्हटले, ते ह्या इतिहासाला धरूनच.

चाळीस दिवसांच्या ह्या काळाचा जो सर्वांत जुना निश्चित उल्लेख बहुतेक अभ्यासक मानतात, तोही ह्याच दिशेने बोलतो. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेचा पाचवा नियम उपवासाविषयी नाहीच. बहिष्कृतांच्या तक्रारींची सुनावणी करण्यासाठी प्रांतातील बिशपांनी वर्षातून दोनदा एकत्र यावे, त्यांतील एक सभा ‘चाळिशी’पूर्वी व्हावी, म्हणजे मनांतील क्षुद्रता दूर होऊन देवाला शुद्ध अर्पण करता येईल, असा त्याचा आशय आहे. एखाद्या बिशपने रागाच्या भरात कोणास मंडळीबाहेर काढले असेल, तर ते प्रकरण आधी मिटवा आणि मग चाळिशीला लागा. बायझंटाइन परंपरेत आजही ह्या काळाच्या उंबरठ्यावरचा रविवार क्षमेचा रविवार म्हणून पाळला जातो. त्या सायंकाळच्या उपासनेत धर्मगुरू मंडळीची आणि मंडळीतील प्रत्येक जण दुसऱ्याची क्षमा मागतो, आणि त्यानंतरच महाउपवासास आरंभ होतो.

उपवासाचा प्रसार केवळ उदात्त प्रेरणेने झाला, असे मात्र समजू नये. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस इ. स. ३४० च्या सुमारास रोममध्ये परागंदा असताना त्याने आपला सहकारी सेरापिओन ह्यास पत्र लिहिले. सारे जग उपवास करीत असता इजिप्तचे लोकच तेवढे करीत नाहीत म्हणून आपले हसे होऊ नये, यास्तव चाळीस दिवसांचा उपवास तेथे जाहीर करावा, असा त्यात आग्रह आहे. लोकलज्जा हीही व्रताची एक जननी असते. हे मान्य करण्यास अथानासियसला संकोच वाटला नाही, तर अभ्यासकाने तरी का वाटून घ्यावा?

त्याच शतकाच्या अखेरीस, ३८१ ते ३८४ ह्या दरम्यान, एगेरिया नावाची एक पाश्चात्त्य स्त्री यरुशलेमच्या यात्रेस आली होती. तिने तेथील उपवासकाळाचे जे वर्णन आपल्या भगिनींसाठी लिहून ठेवले, ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. यरुशलेमात तेव्हा आठ आठवडे पाळले जात. काही जण रविवारी एकदा भोजन केल्यावर थेट शनिवारी सकाळपर्यंत काही घेत नसत. काहींना ते झेपत नसे, ते मध्ये गुरुवारी जेवत. काही एका दिवसाआड, तर काही रोज सायंकाळी जेवत. हे सर्व सांगून ती म्हणते त्याचा भावार्थ असा की कोणी किती करावे ह्याची सक्ती कोणी करीत नाही; ज्याला जसे जमेल तसे तो करतो; अधिक करणाऱ्याची स्तुती होत नाही आणि कमी करणाऱ्यास दूषण दिले जात नाही. काळ सर्वांना सारखा, माप मात्र ज्याचे त्याचे, आणि त्या मापाची तुलना नाही. उपवासकाळाच्या वैयक्तिक मूल्याचे जवळजवळ सारे घटक ह्या एका निरीक्षणात आले आहेत. पुढील शतकांत त्यांतील एकेक घटक सुटत किंवा जास्त ताणला जात गेला, एवढेच.

उपवासाने व्यक्तीत प्रत्यक्ष काय घडावे, अशी अपेक्षा होती? ह्याचे जिवंत उत्तर ३८७ च्या अँटिओक शहरात सापडते. सम्राट थिओडोसियसने बसवलेल्या जादा करामुळे त्या वर्षाच्या आरंभी शहरात दंगल झाली, आणि जमावाने सम्राटाचे व त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे पाडून त्यांची विटंबना केली. हा राजद्रोह होता. संपूर्ण नगर उद्ध्वस्त होईल, ही भीती निराधार नव्हती. वृद्ध बिशप फ्लेव्हियन दयेची याचना करण्यासाठी कॉन्स्टँटिनोपलला निघाला आणि मागे राहिलेल्या भेदरलेल्या लोकांपुढे योहान क्रिसोस्तोम हा धर्मगुरू उपवासकाळभर प्रवचने करीत राहिला. ‘पुतळ्यांविषयीची प्रवचने’ म्हणून ती प्रसिद्ध आहेत.

मृत्यूची टांगती तलवार असताना क्रिसोस्तोमने लोकांपुढे कोणता विषय पुन्हा पुन्हा मांडावा? ऊठसूट शपथा वाहण्याची सवय सोडण्याचा. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. पण त्याची दृष्टी अचूक होती. शपथेची सवय जिभेवर असते. ती नकळत चालते. आणि बाजारात, घरात, दासांवर ओरडताना दिवसातून दहा वेळा तिची परीक्षा होते. पक्षी आणि मासे वर्ज्य करून आपल्याच बांधवांना निंदेने चावणाऱ्या मुखाचा काय उपयोग, असे तो विचारतो. उपवास डोळ्यांचा, कानांचा, हातापायांचाही हवा, असे सांगतो. निम्मा उपवास संपला म्हणून आनंद करणारे लोक त्याला दिसतात, तेव्हा तो म्हणतो की निम्मे दोष संपले का ते पाहा; उपवासाचे दिवस आपोआप सरतात, दोष तसे सरत नाहीत. दुपारी जेवण झाल्यामुळे काही जण प्रवचनास येण्यास लाजत होते. त्यांना त्याने निक्षून सांगितले की जेवला असाल तरी या. उपवास न झेपणे हा दोष नव्हे, त्या लाजेने ऐकायचे टाळणे हा दोष. ईस्टरच्या सुमारास फ्लेव्हियन सम्राटाची क्षमा घेऊन परतला. शहर वाचले, शपथांची सवय कितपत सुटली, ह्याची नोंद नाही.

अन्नाचा आणि जिभेच्या सवयीचा हा संबंध केवळ उपदेशकाची कल्पना नव्हे. इजिप्तच्या अरण्यातील तपस्व्यांनी तो अनुभवाने पारखला होता आणि इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) ह्याने त्यास शास्त्रीय रूप दिले. साधकास छळणाऱ्या आठ दुर्विचारांच्या त्याच्या मालिकेत पहिला क्रमांक जिव्हालौल्याचा आहे. तो सर्वांत मोठा दोष म्हणून नव्हे, तर सर्वांत उघड आणि म्हणून हाताळण्यास सोपा म्हणून. पोट भरलेले असताना मनुष्याचा चिडखोरपणा, खिन्नता, कंटाळा ही झाकलेली राहतात. एक जेवण कमी होताच ती वर येतात. उपवास हे दोष निर्माण करीत नाही, ते दाखवतो. उपवासाच्या तिसऱ्या दिवशी घरातील माणसांवर विनाकारण डाफरणारा मनुष्य आपला उपवास फसला असे समजतो. अरण्यातील गुरूच्या दृष्टीने तो तेव्हाच फळास येऊ लागलेला असतो, कारण इतके दिवस आपली शांती कशाच्या आधारावर उभी होती हे त्याला प्रथमच कळलेले असते. थॉमस अक्विनासने तेराव्या शतकात उपवासाची तीन प्रयोजने सांगितली आहेत : वासनांचे नियमन, चित्ताचे ऊर्ध्वगमन आणि पापाचे परिमार्जन. ही मांडणी नेटकी आहे खरी. परंतु आत्मज्ञानाचे हे चौथे प्रयोजन तीत पुरेसे उठून दिसत नाही, आणि व्यक्तीच्या दृष्टीने कदाचित तेच पहिले होय.

ह्या साधनेची विटंबना कशी होते, हेही जुन्या लेखकांनी पाहिले होते. मांस वर्ज्य आहे म्हणून अधिक दुर्मिळ आणि महाग पदार्थ शोधणाऱ्यांचा ऑगस्टीनने आपल्या उपवासकालीन प्रवचनांत समाचार घेतला आहे. असे लोक जुनी सुखे आवरत नाहीत, नवी शोधतात, असा त्याचा आक्षेप आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या मराठी माणसास हा आक्षेप समजावून सांगण्याची गरज नाही. उपवासापूर्वीच्या मेजवान्यांचेही तसेच. चातुर्मासात कांदा सोडावयाचा म्हणून आषाढ शुद्ध नवमीस कांद्याचे नाना पदार्थ करून ‘कांदेनवमी’ साजरी होते. युरोपात राखेच्या बुधवारपूर्वी कार्निव्हलचा धुमाकूळ असतो, आणि गोव्यात तोच ‘इंत्रुज’ म्हणून ओळखला जातो. धर्मशास्त्र्यांनी त्यास नाके मुरडली. परंतु जे सोडावयाचे त्याचा उघड निरोप घेण्यात एक प्रामाणिकपणा आहे, हेही म्हणावयास हवे.

ऑगस्टीनच्या आक्षेपाला पाचव्या शतकातील पोप लिओ (कारकीर्द ४४०–४६१) ह्यांनी व्यावहारिक उत्तर दिले. जे स्वतःच्या ताटातून काढले ते दुसऱ्याच्या ताटात गेले पाहिजे, हे सूत्र त्यांच्या प्रवचनांत सतत येते. त्यावाचून उपवास ही केवळ काटकसर ठरते. येथे प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही त्रयी एकमेकांत गुंतलेली दिसते : उपवासाने पैसा वाचतो, तो दानात जातो, दानाने उपवासकर्त्याचे लक्ष स्वतःच्या भुकेवरून दुसऱ्याच्या भुकेकडे वळते, आणि प्रार्थना ह्या दोहोंना हिशेब होऊ देत नाही. आज उपवासकाळात वजन उतरवणे, गोड पदार्थ वा दूरध्वनीवरील करमणूक सोडणे असे संकल्प पुष्कळ होतात. ते निरुपयोगी नाहीत. पण ज्या संकल्पातून वाचलेले काहीच दुसऱ्या कोणापर्यंत पोहोचत नाही, त्यास लिओंनी उपवास म्हटले नसते.

नियम आणि स्वेच्छा ह्यांच्या संबंधाचा सर्वांत सखोल विचार मठवासी परंपरेत झाला. योहान कासिआनच्या ‘संवादां’त थिओनास हा वृद्ध तपस्वी उपवासकाळाचे गणित मांडतो : छत्तीस दिवस आणि वर अर्धा दिवस, म्हणजे वर्षाचा दशांश, हे काळाचे दशमान दान होय. लागलीच तो पुढे जे म्हणतो ते अधिक महत्त्वाचे. आद्य मंडळीची परिपूर्णता अखंड होती तोवर हा काळ नव्हताच. जे वर्षभर संसाराच्या व्यापात बुडालेले असतात, त्यांनी निदान एवढा भाग तरी देवाला द्यावा म्हणून तो नेमावा लागला. परिपूर्णास दशांशाचे बंधन नाही, कारण तो सर्वस्व देऊन बसला आहे. उपवासकाळ हा असा सामान्य माणसाच्या दुर्बलतेवरचा तोडगा आहे. त्याकडे वीरपुरुषांचे व्रत म्हणून पाहणारे ही गोष्ट विसरतात.

सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात नुर्सियाच्या बेनेडिक्टने आपल्या मठनियमाचे एकोणपन्नासावे प्रकरण लिहिले, त्यामागे हाच विचार आहे. मठवाशाचे सारे आयुष्य खरे तर उपवासकाळासारखे असावयास हवे. पण तेवढे बळ थोड्यांच्या अंगी असते, म्हणून निदान ह्या दिवसांत तरी इतर वेळच्या हयगयी धुऊन काढाव्या, अशी प्रकरणाची सुरुवात आहे. मग अनपेक्षित वळण येते. बेनेडिक्टचा नियम जेवणाच्या वेळा, झोपेचे तास, स्तोत्रांचा क्रम, सारे काही ठरवून देतो. पण येथे तो नेमके काय सोडावे हे सांगत नाही. अन्न, पेय, झोप, बोलणे, थट्टामस्करी ह्यांतून प्रत्येकाने स्वतःच्या इच्छेने, नेमून दिलेल्या मापापेक्षा काही अधिक, देवाला अर्पण करावे, एवढेच तो म्हणतो. ज्याचा प्रत्येक क्षण नियमाने बांधलेला आहे, त्याला वर्षातून एकदा स्वतः निवडण्याची मोकळीक मिळते. ह्या अल्पाक्षरी प्रकरणात ‘आनंद’ हा शब्द दोनदा येतो, हेही लक्षणीय आहे : अर्पण करावयाचे ते आनंदाने, आणि ईस्टरची वाट पाहावयाची तीही आध्यात्मिक उत्कंठेच्या आनंदाने. पश्चात्तापाच्या काळाविषयी लिहिताना हा शब्द निवडणारा मनुष्य मानवी स्वभावाचा जाणकार असला पाहिजे.

तथापि ही मोकळीक निरंकुश नाही. प्रत्येकाने आपण काय अर्पण करणार ते मठाधिपतीस सांगावे आणि त्याच्या संमतीने व प्रार्थनेच्या बळावर करावे. संमतीवाचून जे केले जाईल ते औद्धत्य व वृथाभिमान म्हणून धरले जाईल, पुण्य म्हणून नव्हे. ह्या अटीत केवळ शिस्तीचा भाग पाहणे उथळपणाचे होईल. स्वतः निवडलेल्या कठोरतेत एक सूक्ष्म गोडी असते. कासिआनने वृद्ध तपस्व्यांची एक उपमा दिली आहे : वृथाभिमान हा कांद्यासारखा असतो, एक पापुद्रा काढावा तो आत दुसरा. उत्तम वस्त्रांचा अभिमान सोडला तर फाटक्या वस्त्रांचा येतो. बोलण्याचा सोडला तर मौनाचा. संकल्प दुसऱ्या कोणास ठाऊक असला, की तो अचाट असण्याचा मोह कमी होतो आणि गुपचूप सोडून देण्याची सोयही राहत नाही. साक्षीदार एकच असावा, गर्दी नसावी. एगेरियेने यरुशलेमात पाहिलेला तुलनेचा अभाव बेनेडिक्टने असा व्यवस्थेने साधला.

राखेच्या बुधवारच्या उपासनेत ह्याच पेचाचे नाट्य दरवर्षी घडते. त्या दिवशी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील भाग वाचला जातो : दान करताना कर्णा वाजवू नका, उपवास करताना तोंड धुवा, म्हणजे लोकांना तो दिसणार नाही. आणि वाचन संपताच त्याच लोकांच्या कपाळावर राख लावली जाते. ती घेऊन ते रस्त्यावर येतात. ही विसंगती आहे असे वाटते खरे. परंतु राख व्रताची खूण नव्हे, मर्त्यतेची आहे. पुढील चाळीस दिवसांत कोण किती करणार ह्याविषयी ती काहीच सांगत नाही, आणि ती सर्वांना सारखीच लागते. सामाईक ते उघड, वैयक्तिक ते गुप्त, असा हा विभाग आहे. १०९१ मध्ये बेनेव्हेंतो येथील परिषदेत पोप दुसरे अर्बन ह्यांनी सर्वच श्रद्धाळूंनी राख घ्यावी अशी शिफारस केली. तत्पूर्वी ती मुख्यतः प्रकट पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त घेणाऱ्यांची खूण होती. पुढे निरपराध समजले जाणारेही त्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात नियमाचे पारडे जड झाले आणि स्वेच्छेचे हलके. सवलती पैशाने मिळू लागल्या. रूआँच्या प्रधान देवळाचा एक मनोरा उपवासकाळात लोणी खाण्याच्या परवान्यांच्या पैशातून उभा राहिला, म्हणून त्यास ‘लोण्याचा मनोरा’ असेच नाव पडले. ह्या पार्श्वभूमीवर मार्च १५२२ मध्ये झ्यूरिक येथे मुद्रक क्रिस्तोफ फ्रोशाउअर ह्याच्या घरी उपवासकाळात काही जणांनी सॉसेज खाल्ले. फ्रांकफुर्टच्या जत्रेसाठी छपाईचे अवजड काम चालू होते आणि एवढ्या श्रमाला लापशी पुरत नाही, असा फ्रोशाउअरचा बचाव होता. उलरिख झ्विंग्ली तेथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण पुढच्याच महिन्यात अन्नाच्या निवडीविषयीचे आपले प्रवचन छापून खाणाऱ्यांची बाजू घेतली. उपवास करावयाचा असेल तर करावा, पण ज्याची आज्ञा शास्त्रात नाही त्याची सक्ती ख्रिस्ती मनुष्यावर करू नये, हा त्याचा मुद्दा होता. ह्या मुद्द्याला सहज उडवून लावता येत नाही. ‘पेनितेमिनी’ने चारशे चव्वेचाळीस वर्षांनी सक्तीचे क्षेत्र जेवढे आकुंचित केले, तेवढ्यापुरता तो मान्यच झाला. पण झ्विंग्लीच्या बाजूने एक प्रश्न अनुत्तरित राहिला. ज्याला स्वेच्छेने उपवास करावयाचा आहे, त्याने तो केव्हा सुरू करावा? स्वातंत्र्य मिळाल्यावर बहुतेकांना योग्य दिवस सापडत नाही. काळ बाहेरून नेमून दिलेला असण्याची उपयुक्तता येथे आहे : निमित्त शोधण्याचे आणि पुढे ढकलण्याचे दोन्ही श्रम वाचतात.

चातुर्मासाशी तुलना मराठी अभ्यासकाच्या मनात साहजिकच येते. तेथेही काळ नेमलेला आणि नेम मात्र ज्याचा त्याने धरावयाचा, अशीच रचना आहे. आणि एखादा आवडीचा पदार्थ सोडण्याइतका तो नेम साधा असू शकतो. साम्य खरे आहे, म्हणून भेद अधिक काळजीने पाहावा लागतो. चातुर्मासाच्या व्रताची सांगता व्रतकर्ता उद्यापनाने करतो. व्रत त्याचे, सांगताही त्याची. उपवासकाळाची सांगता व्यक्तीच्या हाती नाही. संकल्प तडीस गेला काय किंवा दुसऱ्याच आठवड्यात मोडला काय, ईस्टर येतोच. १९५१ मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी ईस्टरच्या रात्रीची जागरण-उपासना पूर्ववत रात्रीस आणली, तेव्हा तीत जमलेल्या सर्वांनी आपल्या स्नानसंस्काराच्या वचनांचा पुनरुच्चार करण्याचा विधी समाविष्ट केला. त्या वेळी कोणी किती उपवास केले हे विचारले जात नाही. जे विचारले जाते ते दीक्षार्थीला विचारावयाचे तेच प्रश्न असतात, आणि तीस-चाळीस वर्षे मंडळीत असलेला मनुष्यही त्यांची उत्तरे नवख्याप्रमाणे देतो. मूळची सोबत येथे उलटी होते : जुना सभासद नव्याच्या शेजारी उभा राहून स्वतःच नवा होतो.

ह्या दृष्टीने व्रतभंगाचा विचारही निराळा होतो. कासिआनने इजिप्तमधील एका वृद्धाची हकीकत दिली आहे. पाहुणे आले की हे तपस्वी नेहमीचा उपवास मोडून त्यांच्याबरोबर जेवत, ह्याचे परदेशी साधकांना आश्चर्य वाटले. वृद्धाने सांगितले की उपवास तर सदैव जवळच आहे, पाहुणे मात्र निघून जाणार. शिवाय उपवास हे ऐच्छिक अर्पण आहे आणि प्रेमाचे कृत्य ही आज्ञा आहे. मोडण्याचे असे योग्य प्रसंग ओळखता येणे हाही साधनेचाच भाग मानला गेला. आणि जेथे मोडणे निव्वळ हयगयीचे असेल, त्याचीही सोय परंपरेने करून ठेवली आहे. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवाशास ग्रंथालयातून एक ग्रंथ द्यावा आणि तो त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा, असे बेनेडिक्टच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात सांगितले आहे. अकराव्या शतकात कँटरबरीचा आर्चबिशप लानफ्रांक ह्याने आपल्या मठांसाठी ह्या विधीचे तपशील घालून दिले. पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी ग्रंथपाल सभागृहात सतरंजी अंथरून तीवर ग्रंथ मांडून ठेवी. गेल्या वर्षी कोणास कोणता ग्रंथ दिला होता, त्याची यादी वाचली जाई. नाव उच्चारले की प्रत्येक जण आपला ग्रंथ परत करी. ज्याने तो वर्षभरात पुरा वाचलेला नसे, तो सर्वांसमक्ष दंडवत घालून आपली चूक कबूल करी आणि क्षमा मागे. त्यानंतर ग्रंथांचे नव्याने वाटप होई, आणि त्यालाही इतरांबरोबर एक ग्रंथ मिळे.